रिपोर्ट चांगला आल्यानंतर

डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे फिरवला आणि त्यावरच्या चार चित्रांवर पेन टेकवलं. "बघा, किती छान गुलाबी आहे. सूज नाही, व्रण नाही, रक्ताचा ठिपका नाही." ते मनापासून खूश होते. तीन वर्षं त्यांनी माझ्या आतड्यासाठी डोकं लावलं होतं. शेजारच्या खुर्चीवरून नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी हसले, "हो" म्हणाले. पण माझं लक्ष दाराबाहेरच्या पॅसेजकडे होतं. तिथल्या संडासात कोणीतरी गेलं होतं आणि अजून बाहेर आलं नव्हतं.

मी अमरावतीच्या एका शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. आजार सुरू झाला तेव्हा मला एकेचाळिसावं लागलं होतं. रक्त दिसलं तेव्हा मूळव्याध असेल असं समजून आठ महिने कोणाला काही सांगितलं नाही. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायला लागलं, ब्लाऊज अंगावर लोंबायला लागले, तेव्हा नवऱ्याने ओढून दवाखान्यात नेलं. दुर्बीण टाकून तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव कळलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात. त्या भरतात, पुन्हा उघडतात. आजार कायमचा जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्टेरॉइडने माझा चेहरा सुजला, मग ओसरला. औषधं दोनदा बदलली. तिसऱ्या वर्षी आतडं भरून आलं.

आतड्याची हकीकत एवढीच. माझी वेगळी होती आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती.

आजाराच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरची वास्तुशांत होती, दर्यापूरला. आम्ही पाचजणी गेलो. परत येताना बस चुकली म्हणून काळी-पिवळी जीप धरली. जीपमध्ये कोंबून बारा माणसं, मी मधल्या सीटवर, दोन्हीकडून दाबलेली. वलगाव यायच्या आधी पोटात कळ आली. ज्यांना हा आजार नाही त्यांना ही कळ सांगून समजत नाही. ती सवड देत नाही. ड्रायव्हरला थांबवा म्हणायला मी तोंड उघडलं, पण शेजारची मैत्रीण हेडमास्तरांची काहीतरी गंमत सांगत होती आणि सगळे हसत होते. तिचं वाक्य संपू दे, असं मी मनात म्हटलं. तेवढंच थांबले. मग उशीर झाला.

ड्रायव्हरने काच पूर्ण खाली केली. मागच्या एका बाईने पदर नाकाला लावला. मैत्रिणीने गंमत अर्ध्यात सोडली आणि ती शेताकडे बघायला लागली. अमरावती येईपर्यंत मी मांडीवर पर्स दाबून धरली होती आणि पुढच्या माणसाच्या कॉलरवरची उसवलेली शिवण बघत होते. उतरताना शाल कमरेला गुंडाळली. सगळ्याजणी "उद्या भेटू" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा जास्तच गोड वागायला लागल्या. जीपपेक्षा तो गोडवा मला जास्त लागला.

त्यानंतर मी स्वतःसाठी नियम केले. बाहेर पडायचं असेल तर आदल्या दुपारपासून जेवायचं नाही. निघण्याआधी तीनदा जाऊन यायचं, लागलेली असो की नसो. पर्समध्ये एक सलवार, टिश्यूचं पाकीट आणि काळी पिशवी. कुठल्या रस्त्याला कुठे जाता येतं ते मला पाठ होतं. राजकमल चौकातलं साड्यांचं दुकान, तिथली काउंटरवरची मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी होती. कॅम्पातली पॅथॉलॉजी लॅब. ज्या रस्त्यावर असं काही नव्हतं तो रस्ता मी सोडून दिला. रस्त्यांपाठोपाठ माणसंही सुटली. लग्नाला गेले नाही, बारशाला गेले नाही, एका सख्ख्या मैत्रिणीची आई गेली तर तिथेही गेले नाही. रेल्वेत संडास असतो, हे सगळे मला सांगायचे. मला तिथेही आत बसलेला, दार न उघडणारा माणूसच दिसायचा. मुलगी अकरावीत होती. चिखलदऱ्याला जाऊ म्हणून तिने दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा मी सकाळी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही.

शाळेत जायचे, कारण शाळा घरापासून चार मिनिटांवर होती आणि आमच्या मजल्याच्या टोकाला बायकांचं स्वच्छतागृह होतं. तरी फळ्याकडे तोंड केलं की मला दरवाजापर्यंतचं अंतर दिसायचं.

रिपोर्ट चांगला आल्यावर हे सगळं सुटायला हवं होतं. उलट आवळत गेलं. आधी निदान आजार आहे असं सांगता तरी यायचं. आता नवरा विचारायचा, "रिपोर्ट तर क्लिअर आहे ना? मग?" तो वाईट माणूस नाही. तीन वर्षं त्याने माझे कपडे धुतले होते, सलाइन लावून मी पडलेली असताना खुर्चीत बसून झोपला होता. रिपोर्टच्या दिवशी त्याला वाटलं, संपलं. त्याला सुट्टी हवी होती आणि मी त्याला ती देत नव्हते.

अशात अकोल्याहून दादाचा फोन आला.

दादा माझा एकुलता एक मोठा भाऊ. अकोल्याच्या बाहेर, मोर्णा नदीच्या अंगाला आमचं फुलांचं शेत आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध. आई आधीच गेली होती, बाबाही या फोनच्या दोन वर्षं आधी, जीपच्या प्रसंगापूर्वी, गेले. त्यानंतर माहेर म्हणजे दादा आणि वहिनी. माझं पोटाचं काहीतरी दुखणं आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्याला शेडनेट टाकायचं होतं, त्यासाठी सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर हवा होता. बाबांच्या मागे माझंही नाव लागलं होतं.

"हक्कसोडाच्या कागदावर सही लागते तुही," तो म्हणाला. "रजिस्ट्री ऑफिसात समोर यावं लागते, फोटो काढतात, अंगठा घेतात. एका दिवसाचं काम हाय. कधी येतं?"

"येते की," मी म्हणाले. मला हिस्सा नको होता. बाबा असतानाच मी तसं बोलले होते. पण फोन ठेवल्याबरोबर माझ्यासमोर अमरावती ते अकोला हा रस्ता उभा राहिला. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, मधली मोकळी शेतं.

पहिल्यांदा मी परीक्षेच्या पेपरांचं कारण सांगितलं. दुसऱ्यांदा तिकीट काढलं, स्टँडवर गेले आणि बस लागल्यावर मागच्या मागे घरी आले. दादाला कळवलं की नवऱ्याला ताप आहे. तिसऱ्या वेळी तर त्याने ऑफिसातला नंबर लावून ठेवला होता. त्या सकाळी मी चप्पल घालून दारात पाऊण तास उभी होते. शेवटी फोन बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा त्याचा फोन आला. आवाज थंड होता. दादा चिडला की मोठ्याने बोलतो, थंड बोलत नाही.

"एक विचारतो, सरळ सांगजो. तुले हिस्सा पाहिजे काय?"

"नाही रे दादा."

"मग कावून येऊन नाई राहिली? तीनदा झालं. इथी लोकं मले विचारतात. माहा साळा म्हणतो, तुही बहीण भाव वाढाची वाट पाहून राहिली. पाहिजे असन तर तोंडानं माग. असं लटकावून नको ठेवू."

मी त्याला खरं सांगू शकले असते. तोंडाशी आलंही होतं. पण भावाला काय सांगायचं? मला संडासाची भीती वाटते? आतडं चांगलं आहे तरी? मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याचा त्याने जो अर्थ घ्यायचा तो घेतला. "बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर अडीच महिने त्याचा फोन आला नाही. राखी मी कुरिअरने पाठवली. मिळाली एवढंही त्याने कळवलं नाही.

त्या अडीच महिन्यांबद्दल लिहिणं मला जड जातं. मी शाळेतून यायची आणि पलंगावर बसून राहायची. जेवण आणखी कमी केलं. आधी बाहेर जायचं असलं तरच उपाशी राहायचे, आता घरीही, कारण पोट रिकामं असलं की जरा निर्धास्त वाटायचं. मरावं असं मला वाटत नव्हतं. पण आपण नसलो तर नवऱ्याला झोप मिळेल, मुलगी चिखलदऱ्याला जाईल, दादाचा सातबारा मोकळा होईल, हा हिशेब माझ्या डोक्यात अगदी शांतपणे चालायचा. एका दुपारी तो इतका शांतपणे चालला होता की मलाच घाम फुटला. मी उठून शेजारच्या घरी गेले आणि साखर मागितली. घरात साखरेचा डबा भरलेला होता. पण कोणीतरी समोर बसावं असं वाटत होतं.

त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांची तारीख होती. त्यांनी वजनाच्या काट्याकडे पाहिलं, मग फाइलकडे.

"सहा किलो कमी झालं? आतडं तर चांगलं होतं. जुलाब?"

"नाही."

"रक्त?"

"नाही."

"जेवता का?"

मी पर्सची चेन उघडली, परत लावली. त्यांनी चष्मा काढला. "रात्री झोप लागते? घराबाहेर जाता? कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?"

नवरा बाजूला बसला होता. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "रोज वाटतं."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहिला आणि मला राग आला. तीन वर्षं आतड्यातून रक्त गेलं ते खोटं होतं का, मी वेडी आहे का, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "आतडं माझ्याकडे राहील," ते म्हणाले. "ते मी सोडत नाहीये. पण या आजाराच्या कितीतरी पेशंटना हे होतं, आणि मी तुम्हाला हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता. ती माझी चूक आहे."

डॉक्टर चूक कबूल करतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. कदाचित म्हणूनच मी गेले. घरी येताना नवरा गाडी चालवत होता आणि वाटेत एका झाडाखाली त्याने गाडी उभी केली. "रोज?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मी तुला 'मग' विचारत होतो."

मानसोपचाराच्या बाई माझ्याहून लहान होत्या. गोळी सुरू केली, दर आठवड्याला बोलावलं आणि नवऱ्याला सांगितलं की सध्या हिला एकटं ठेवू नका. जीपमधली गोष्ट मी त्यांना तिसऱ्या भेटीत सांगितली. त्यांनी टिश्यू पुढे केला नाही की अरेरे म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या डोक्याने त्या दिवशी एक धडा पाठ केला. घराबाहेर धोका आहे. तेव्हा तो बरोबर होता. आता आतडं भरलंय, पण डोक्याला ते कोणी सांगितलेलं नाही. आणि डोकं नुसत्या बोलण्याने ऐकत नाही. भीतीनेही पोट ढवळतं. मग तुम्हाला वाटतं आजार आला, मग आणखी भीती."

त्यांनी अभ्यास दिला. घरून निघण्याआधी अर्धी पोळी खायची. एकदाच जाऊन यायचं, तीनदा नाही. ऑटोने बडनेऱ्याला जायचं आणि परत यायचं. दहा-बारा किलोमीटर. मी दहावीच्या मुलांना शिकवते, पण इतका अवघड अभ्यास मी कोणाला दिलेला नाही.

पहिल्या वेळी अर्ध्या रस्त्यातून परत आले. दुसऱ्या वेळी नवरा मागून स्कूटरवर येत होता. बायपासजवळ वाहतूक अडली. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रक, डाव्या हाताला भिंत. पोटात पीळ पडला, कानात हवा भरल्यासारखं झालं, हाताची बोटं वाकडी व्हायला लागली. बाईंनी सांगितलं होतं, पळू नका, बघत राहा, भीती वर चढते आणि उतरते. मी ऑटोचा दांडा धरून बसले. दांड्याचं रबर नखांनी उकरलं. चढली, चढली, मला वाटलं आता झालंच. आणि मग ती उतरली. पोटात काही नव्हतं. ट्रॅक्टर हलला. बडनेऱ्याला मी एका टपरीवर अर्धा कप चहा प्यायले. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी नाई काय?" मी म्हणाले, "बरी नव्हती. आता आहे."

अशा अकरा फेऱ्या झाल्या. मग मी दादाला मेसेज केला, येत्या सोमवारी येते, मंगळवारचा नंबर लाव. त्याने फक्त "ठीक" लिहिलं.

नवऱ्याने सोबत येतो म्हटलं, मी नको म्हणाले. रेल्वेने जा, म्हणाला. तेही नको. रेल्वेने मी अकोल्याला पोहोचले असते, पण त्या रस्त्याची भीती तशीच राहिली असती.

सोमवारी सकाळी नऊच्या बसमध्ये बसले. खिडकीजवळची जागा, दारापासून तिसरी. मूर्तिजापूरपर्यंत मी अभ्यासातलं सगळं केलं, श्वास मोजला, बाहेरची कपाशी पाहिली. मूर्तिजापूर स्टँडवर जाऊन आले. तिथून निघालो आणि सात-आठ किलोमीटरवर बस थांबली. पुढे सोयाबीनचा ट्रक कलंडला होता, पोती रस्ताभर पसरली होती. गाड्यांची रांग लागली. पुरुष उतरले, सिगारेटी पेटल्या, चारदोन जण रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले. आम्ही बायका बसून राहिलो. चाळीस मिनिटं. भीती दोनदा चढली, दोनदा उतरली. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

बस हलली आणि तिसऱ्यांदा कळ आली. ही वेगळी होती. की नव्हती? भीतीची आहे की खरी, मला ओळखता येत नव्हतं, आणि ओळखेपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. शेजारी एक म्हातारी बाई सुनेची कसलीशी तक्रार सांगत होती. मी तिचं वाक्य मध्येच तोडलं. "सरका जरा," म्हणाले आणि दांड्याला धरत पुढे गेले. कंडक्टर बाई तिकिटाच्या मशीनचा रोल बदलत होत्या.

"ताई, मला आतड्याचा आजार आहे," मी म्हणाले. आवाज फाटला आणि जास्तच मोठा निघाला. पुढच्या दोन-तीन रांगांनी ऐकला असणार. "गाडी थांबवावी लागेल. आत्ता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढं पेट्रोल पंप हाय, दोन मिनिटांवर. तथी संडास हाय. दम धरता येइन?"

"येईल."

त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, पंपावर घ्या. बाईले आजार हाय." एवढंच. घंटी वाजवली.

ती दोन मिनिटं मी पायरीवर उभी राहून काढली. पंपावर धावत गेले. खरी होती की खोटी, ते इथे लिहायचं कारण नाही, वेळेवर पोहोचले. साठ माणसं माझ्यासाठी थांबली होती. चढले तेव्हा मान खाली होती. कोणी घड्याळाकडे बघत होतं, कोणी मोबाइलमध्ये. माझ्या सीटवर म्हातारीने स्वतःची थैली ठेवली होती. ती उचलत म्हणाली, "एकजण बसून राहिला होता इथी, मी उठवला त्याले." आणि सुनेची गोष्ट जिथे सोडली होती तिथून पुढे सुरू केली.

अकोल्याच्या स्टँडवर दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. "आली काय," म्हणाला. बॅग घेतली नाही. घरापर्यंत ती मीच मांडीवर धरून बसले. वहिनीने ताट वाढलं, भाकर, झुणका, ठेचा. मी ताटाकडे बघत बसले.

"आमच्या घरचं चालत नाई काय आता ताईले?" वहिनी म्हणाली. माझ्याकडे नाही, दादाकडे बघून.

मी ताट बाजूला सरकवलं आणि सांगायला सुरुवात केली. दादाशी मोकळं बोलताना माझी शाळेतली भाषा गळून पडते. "दादा, मले हिस्सा नको होता. मी घराबाहेरच निघत नव्हती," असं म्हणाले. मग आजार, रक्त, दर्यापूरची जीप, कपड्यात झालेलं, सगळं सांगितलं. तिन्ही खोट्या कारणांचं सांगितलं. मानसोपचाराच्या बाईंकडे जाते तेही. फक्त पलंगावरच्या त्या दुपारींचं सांगितलं नाही. ते पुढच्या दिवाळीत सांगितलं. दादा जमिनीकडे बघत होता. वहिनीच्या हातातली पळी तशीच होती.

"फोनवर कावून नाई सांगतलं?" शेवटी दादा बोलला. आवाज वाढला होता, त्याचा नेहमीचा.

"काय सांगू? कसं म्हणू?"

"जे आता म्हनली तेच म्हणाचं होतं. मी चार लोकाईत तुले लोभी म्हटलं. माह्या तोंडानं. ते आता मी कुठी परत घेऊ?"

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, बिघडलं. वहिनीने ताट उचललं, आत गेली आणि दारातूनच विचारलं, "तिखट नाई चालत न? भात टाकू का, वरण साधं?"

मंगळवारी रजिस्ट्री ऑफिसात आमचा नंबर बारा वाजताचा होता. साडेअकराला परिसरातली वीज गेली. कधी येईल कोणी सांगेना. व्हरांड्यात माणसं खेटून बसली होती, हातात फाइली, लहान पोरं रडत होती. मला सकाळपासून धास्ती होतीच, आता माझी नजर संडासाची पाटी शोधायला लागली. दादा माझ्याकडे बघत होता. तो उठला आणि समोरच, आमचा दस्त लिहून देणाऱ्या माणसाच्या दुकानात गेला. काचेतून मला तो बोलताना दिसत होता, हातवारे करत, अजिबात हळू आवाजात नाही. परत आला, माझ्याशेजारी बसला आणि शर्टाच्या खिशातून एक किल्ली काढून दाखवली.

"त्याच्या दुकानामागं संडास हाय. किल्ली मी ठेवून घेतली. वीज येईपर्यंत आपलीच हाय."

किल्ली त्याने परत खिशात टाकली. मी एकदा जाऊन आले. नंतर तीन तास बसलो, पुन्हा जावं लागलं नाही. दादा अधूनमधून खिशाला हात लावून बघत होता.

वीज आल्यावर आमचा पुकारा होण्याआधी मी त्याला म्हणाले, "मी सही करून राहिली, कारण मले करायची हाय. पण मी हिस्सा मागितला असता तर तो माझा हक्क होता, दादा. लोभ नाही."

त्याला ते आवडलं नाही. फाइलची दोरी त्याने सोडली, बांधली. मग म्हणाला, "ते बी खरं हाय." आत गेल्यावर कॅमेऱ्यासमोर बसले, अंगठा दिला, सही केली. फोटोत माझे डोळे मिटलेले आले, म्हणून पुन्हा काढला.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. गोळीचा डोस आता अर्धा आहे. मी अकोल्याला चारदा गेले. एकदा बोरगावला उतरून घरी परत आले. नियम काही सुटले, काही उरलेत. पर्समध्ये सलवार अजून असते. दादा फोनवर सगळ्यांसमोर विचारतो, "पोट कसं हाय? आन डोकं?" आजूबाजूला माणसं असतात, तरी मी उत्तर देते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा रक्त दिसलं. सकाळी सहाला दिसलं आणि सातला मी नवऱ्याला सांगितलं. तो चहा गाळत होता. त्याने गॅस बंद केला, डॉक्टरांना फोन लावला, मग मला विचारलं, "आणि तुला कसं वाटतंय?" मी म्हणाले, "घाबरलेय." शाळेत जाऊन तीन आठवड्यांच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी आजाराचं पूर्ण नाव टाकलं. ऑफिसातल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे काय असते?" माझ्यामागे दोन शिक्षक उभे होते. मी खुर्ची ओढली आणि त्याला सांगायला बसले.